देह कोणाचे साधन? पोप जॉन पॉल दुसरे यांच्या देहविचाराची चिकित्सा



अभियांत्रिकीच्या अनेक महाविद्यालयांत 'युनिव्हर्सल ह्यूमन व्हॅल्यूज' हा विषय सक्तीचा आहे. एआयसीटीईच्या आदर्श अभ्यासक्रमात त्याला जागा मिळाल्यापासून तो शिकवण्याचे काम यंत्र, विद्युत, संगणक अशा कुठल्याही विभागातल्या शिक्षकाकडे येते. माझ्याकडेही ते असेच आले. त्यातल्या एका पाठात सांगितले आहे की माणूस म्हणजे 'मी' आणि 'शरीर' यांचे सहअस्तित्व. 'मी' जाणतो, ठरवतो, सुखदुःख भोगतो. शरीर हे त्या 'मी'चे साधन. फळ्यावर दोन रकाने आखले की पाठ वीस मिनिटांत शिकवून होतो.

हा तक्ता फळ्यावर असताना एका मुलीने विचारले, "मॅडम, शरीर साधन असेल, तर लग्न झाल्यावर ते वापरायचा हक्क कोणाला मिळतो?" वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. साधन म्हटले की मालक आला, वापर आला, उसने देणे आले. प्रेम, लग्न, संमती यांविषयी बोलायला हा तक्ता पुरत नाही. आणि तुमच्या वयात सर्वांत जास्त गरज याच विषयावर नीट बोलण्याची असते.

या टिपणात आपण असा एक विचार तपासणार आहोत, जो 'शरीर हे साधन' या कल्पनेलाच हरकत घेतो. तो कॅथलिक चर्चचा आहे. मी कॅथलिक नाही आणि तुमच्यातलेही बहुतेक जण नसतील. त्याने अडत नाही. एखाद्या परंपरेचा युक्तिवाद समजून घ्यायला तिचा सभासद व्हावे लागत नाही. फक्त ती काय म्हणते ते आधी तिच्याच शब्दांत ऐकून घ्यावे लागते. मगच टीका करण्यात अर्थ.

बुधवारची प्रवचने

कारोल वोयतिवा हे पोलंडमधील क्राकूव्हचे धर्मगुरू. तरुणपणी ते नाटकात काम करत, स्वतः नाटके लिहीत. पुढे तत्त्वज्ञान शिकवू लागले. तरुण जोडप्यांबरोबर डोंगरात आणि नदीवर सहलींना जात आणि त्यांच्या अडचणी ऐकत. त्यातून 1960 मध्ये 'प्रेम आणि जबाबदारी' हे त्यांचे पोलिश पुस्तक आले. ऑक्टोबर 1978 मध्ये ते पोप झाले आणि त्यांनी जॉन पॉल दुसरे हे नाव घेतले. पोप दर बुधवारी लोकांना जाहीरपणे भेटतात आणि छोटे प्रवचन देतात. 5 सप्टेंबर 1979 ते 28 नोव्हेंबर 1984 या काळात, मधे खंड पडत, त्यांनी 129 प्रवचने एकाच विषयावर दिली: माणसाचा देह, स्त्री-पुरुषांचे प्रेम आणि लग्न. या प्रवचनांना एकत्रितपणे 'थिओलॉजी ऑफ द बॉडी' म्हणतात. मी त्याला नुसते 'देहविचार' म्हणेन.

सुरुवात एका प्रश्नापासून होते. बायकोला सोडणे योग्य आहे का, असे येशूला विचारले जाते. नियम सांगण्याऐवजी तो विचारणाऱ्यांना आरंभाकडे, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या ग्रंथातल्या आदम-एवेच्या कथेकडे नेतो. पोपही तेच करतात. ही कथा मराठीला नवी नाही, हे जाता जाता सांगते. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1616 मध्ये त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. त्यातल्या पैल्या पुराणात आदम-एवेची गोष्ट ओव्यांत सांगितली आहे. आजच्या गद्यात वाचायची असेल तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आहे. त्याला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

पोप या कथेकडे इतिहास म्हणून पाहत नाहीत. माणसाच्या मूळ अनुभवांचे चित्र म्हणून ते ती वाचतात. पहिला अनुभव एकटेपणाचा. आदम सगळ्या प्राण्यांना नावे देतो आणि आपल्यासारखे कोणी नाही हे त्याच्या लक्षात येते. देह त्यालाही आहे, त्यांनाही आहे; तरी त्याच्या देहातून काही वेगळेच प्रकट होते. दुसरा अनुभव सोबतीचा. समोर आपल्यासारखीच आणि तरी वेगळी व्यक्ती उभी राहते. तिसरा अनुभव नग्नतेचा, पण लाजेविना. दोघे एकमेकांना पूर्ण पाहतात आणि कोणालाही झाकून घ्यावेसे वाटत नाही, कारण समोरच्या नजरेपासून धोका नसतो.

मग फळ खाल्ले जाते आणि दोघेही अंग झाकतात. इथे पोपांचे वाचन लक्ष देऊन पाहा. देह घाणेरडा आहे म्हणून लाज वाटली, असे ते म्हणत नाहीत. लाज ही राखण करते, असे ते म्हणतात. समोरचा आता मला व्यक्ती म्हणून न पाहता उपभोगाची वस्तू म्हणून पाहू शकेल, हे कळल्याची ती खूण. दोष देहात नाही, नजरेत आहे.

मी सरोजिनी नगरला राहते. इथल्या बाजारात कपडे दाखवायला दुकानांच्या दारांवर नुसती धडे टांगलेली असतात. डोके नाही, हात नाहीत. कपडे विकायला तेवढे पुरते. त्याच गल्लीतून चालणाऱ्या मुलींकडेही जेव्हा त्याच प्रकारे, चेहरा वगळून, पाहिले जाते तेव्हा पोप कशाबद्दल बोलत होते ते समजायला ग्रंथ उघडावा लागत नाही.

'मला लागलं'

'साधन' या शब्दाशी देहविचाराचे भांडण नेमके कुठे आहे? मराठीतच पाहा. गुडघा दाराला आपटला तर आपण 'मला लागलं' म्हणतो. 'माझ्या शरीराला लागलं' असे कोणी म्हणत नाही. वर्कशॉपमधून कोणी माझा पाना पळवला तर माझे नुकसान होते. गर्दीच्या बसमध्ये कोणी अंगाला हात लावला तर माझ्या एखाद्या वस्तूला हात लावला असे मी म्हणत नाही. त्याने मला हात लावला. पाना आणि मी यांच्यात जसे अंतर आहे तसे माझा देह आणि मी यांच्यात नाही. पोपांचे मूळ विधान एवढेच आहे: देह हा व्यक्तीचे दृश्य रूप आहे. व्यक्ती आत कुठेतरी बसून देह चालवत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, आपल्या परंपरेत तर देह म्हणजे जुने वस्त्र, देह म्हणजे नश्वर पिंजरा. बरोबर. कीर्तनांत आपण ते ऐकत आलो. पण आपल्याच परंपरेत सोयराबाईही आहेत. चौदाव्या शतकातल्या या संत स्त्रीने, चोखामेळ्यांच्या पत्नीने, देहाला विटाळ मानणाऱ्यांना सुनावले की ज्याला विटाळ म्हणता त्यातूनच प्रत्येकाचा जन्म आहे. आणि कॅथलिक परंपराही काही पहिल्यापासून देहाची मैत्रीण नव्हती. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीन यांना कामवासनेत पापाची छाया दिसत असे आणि त्यांचा प्रभाव शतकानुशतके राहिला. जॉन पॉल आपल्या परंपरेतला हा भाग फार हळुवारपणे बाजूला सारतात. टीकाकाराने ते नोंदवले पाहिजे.

'प्रेम आणि जबाबदारी' या पुस्तकातला नियम असा: व्यक्तीच्या बाबतीत 'वापरणे' कधीच योग्य नाही, तिच्याशी योग्य वागणे म्हणजे प्रेम. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने 1785 मध्ये माणसाला केवळ साधन मानू नका असे म्हटले होते, तीच वाट पुढे नेलेली. म्हणजे प्रेमाच्या उलट द्वेष नव्हे, वापर. गोड बोलून, भेटवस्तू देऊन, लग्न करूनसुद्धा वापर होऊ शकतो.

लग्न करूनसुद्धा हे शब्द महत्त्वाचे आहेत. 8 ऑक्टोबर 1980 च्या प्रवचनात पोप म्हणाले की वासनेच्या नजरेने केलेला मनातला व्यभिचार पुरुष आपल्या स्वतःच्या पत्नीबाबतही करू शकतो. जगभरच्या वृत्तपत्रांनी थट्टा केली: आता बायकोकडे पाहायचेही नाही का? थट्टा करणाऱ्यांना मुद्दा कळला नव्हता. लग्नाच्या दाखल्याने वापराचे प्रेम होत नाही, एवढेच ते वाक्य सांगत होते.

लग्न आणि हक्क

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. या संपूर्ण विषयात माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा प्रवचनांत नाही, चर्चच्या कायद्यात आहे. 1917 च्या कॅथलिक धर्मसंहितेत विवाहाच्या संमतीची व्याख्या अशी होती की पती-पत्नी एकमेकांना एकमेकांच्या देहावरचा कायमचा आणि अनन्य हक्क देतात, संततीला योग्य अशा कृतींसाठी. ही सरळ मालमत्तेची भाषा आहे. खरेदीखतात शोभेल अशी. 1983 मध्ये जॉन पॉल यांनी नवी संहिता जाहीर केली. तिच्यात देहावरचा हक्क गेला. आता स्त्री आणि पुरुष स्वतःला एकमेकांना देतात आणि एकमेकांना स्वीकारतात, अशी व्याख्या आहे. हा बदल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या विचारातून आला, एकट्या पोपचा नव्हे. पण त्यामागचा अर्थ देहविचाराने जितका उलगडून सांगितला तितका कोणी सांगितला नाही. हक्क वसूल करता येतो. दान वसूल करता येत नाही. देणाऱ्याने दर वेळी द्यावे लागते.

त्याआधीच, जुलै 1968 मध्ये, पोप पॉल सहावे यांच्या 'ह्युमाने वीते' या पत्रात म्हटले होते की जोडीदाराची अवस्था आणि त्याची रास्त इच्छा लक्षात न घेता लादलेला संबंध हे प्रेमाचे कृत्य नव्हेच. या पत्राची ख्याती वेगळ्याच कारणाने आहे, ते पुढे पाहू. हे वाक्य मात्र कोणी फारसे सांगत नाही.

आता आपल्या कायद्याकडे पाहा. डिसेंबर 2012 मध्ये बसमधल्या अत्याचारानंतर त्या विद्यार्थिनीला ज्या सफदरजंग रुग्णालयात आणले गेले, ते सरोजिनी नगरपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी 2013 मध्ये अहवाल दिला आणि पतीला बलात्काराच्या कायद्यातून मिळणारी सूट काढून टाका अशी शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. 11 मे 2022 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी याच प्रश्नावर परस्परविरोधी निकाल दिले: एकाच्या मते ही सूट घटनाबाह्य, दुसऱ्याच्या मते नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्येही पत्नी अठरा वर्षांखालील नसेल तर ही सूट कायम आहे. म्हणजे चर्चने 1983 मध्ये जी भाषा मागे टाकली, तिची सावली आपल्या फौजदारी कायद्यात अजून आहे. लग्न म्हणजे एकदाच दिलेली, परत न घेता येणारी परवानगी. यात चर्चला उगाच मोठेपणा देण्याचा हेतू नाही. कायद्याने शिक्षा देणे आणि धर्माने निषेध करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पण 'शरीर साधन आहे' म्हणणाऱ्या तक्त्याजवळ या कायद्यावर बोलायला शब्द नाहीत आणि देहविचाराजवळ आहेत, हे मान्य करावे लागते.

वर्धा आणि गिरगाव

इथपर्यंत मी बरीच बाजू घेतली. आता जिथे सांधा निखळतो तिथे येऊ.

देहविचाराची शेवटची प्रवचने 'ह्युमाने वीते'वर आहेत आणि कृत्रिम गर्भनिरोधनाला विरोध हाच त्यांचा निष्कर्ष आहे. हा वाद परका समजू नका. महाराष्ट्रात तो व्हॅटिकनच्या आधी रंगला होता. डिसेंबर 1935 मध्ये अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी कृत्रिम साधने नाकारली, संयम सुचवला. वरवर हे कॅथलिक मतासारखेच दिसते. पण फरक मोठा आहे. गांधीजींना संततीच्या हेतूविना आलेला संबंध ही वासनाच वाटे, पती-पत्नींतही. जॉन पॉल यांना तसे वाटत नाही. त्यांच्या लेखी पती-पत्नींच्या देहमीलनाचा आनंद चांगला आहे आणि मूल होण्याची शक्यता नसलेल्या दिवसांत एकत्र येणेही योग्य आहे. त्यांचा आक्षेप सुखाला नाही, साधनाला आहे.

गांधीजींच्या विरुद्ध बाजूला रघुनाथ धोंडो कर्वे होते. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत गिरगावात संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले होते. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. हे कॉलेज स्कॉटिश मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट. त्याचा दोष कॅथलिकांच्या माथी मारू नये. 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यांपैकी एकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. गंमत अशी की एका बाबतीत कर्वे आणि वोयतिवा शेजारी उभे राहतात. संबंधांत स्त्रीलाही सुख मिळाले पाहिजे, हे कर्व्यांनी मराठीत सांगितले तेव्हा लोक बिथरले. 1960 च्या पुस्तकात वोयतिवा, तेव्हा बिशप असलेले, लिहितात की स्त्रीच्या सुखाची गती वेगळी असते आणि ती ओळखून वागणे हे पतीचे नैतिक कर्तव्य आहे. दोघेही स्त्रीला वापरण्याच्या विरोधात.

मग रस्ते कुठे फुटतात? पोपांचा युक्तिवाद असा. देहाला भाषा असते. देहमीलनातून पती-पत्नी 'मी तुला पूर्ण दिले' असे म्हणतात. गर्भनिरोधन वापरले की आपली जननक्षमता राखून ठेवली जाते, म्हणजे देह एक बोलतो आणि कृती दुसरे. ही देहाची खोटी साक्ष झाली. गर्भ न राहणाऱ्या दिवसांत एकत्र येण्यात मात्र काही राखून ठेवलेले नसते. तिथे देहाची लय जशी आहे तशी स्वीकारलेली असते.

युक्तिवाद रेखीव आहे. पण दोन ठिकाणी तो मला पटत नाही.

एक, 'पूर्ण देणे' मोजायचे कुठे? प्रत्येक सुट्या कृतीत की सगळ्या संसारात? ज्या जोडप्याने तीन मुले वाढवली, आजारपणे काढली, त्यांनी एकमेकांना काही राखून ठेवले असे एका रात्रीच्या हिशोबावरून म्हणणे म्हणजे पुलाचा एक रिव्हेट तपासून पूल नापास करण्यासारखे आहे. हा आक्षेप मी शोधलेला नाही. पोप जॉन तेविसावे यांनी 1963 मध्ये नेमलेल्या आणि पॉल सहावे यांनी वाढवलेल्या आयोगात तो खुद्द कॅथलिकांनीच मांडला होता. त्या आयोगाच्या सदस्यांत मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस होते आणि वोयतिवाही होते. वोयतिवा 1966 च्या अखेरच्या बैठकांना जाऊ शकले नाहीत. अमेरिकेतले क्राउली हे विवाहित जोडपे सदस्य होते. दिवस मोजण्याच्या पद्धतीने संसारात काय ताण येतो, याची कॅथलिक जोडप्यांनी लिहिलेली पत्रे त्यांनी आयोगापुढे ठेवली. 1966 मध्ये आयोगाच्या बहुमताने बदलाच्या बाजूने कौल दिला. पोपनी तो नाकारला. देह हा व्यक्तीचे प्रकट रूप आहे असे म्हणायचे आणि ज्या देहांनी हे नियम जगून पाहिले त्यांची साक्ष बाजूला ठेवायची, यात विसंगती आहे.

दोन, कर्व्यांचा जुना प्रश्न: गर्भ कोणाच्या पोटात वाढतो? दिवस पाळण्याची पद्धत ऐकणाऱ्या नवऱ्यावर अवलंबून आहे. नवरा ऐकत नसेल तर पत्नीच्या हातात काय उरते? लादलेला संबंध प्रेम नव्हे, हे 'ह्युमाने वीते' सांगते. पण त्या लादणाऱ्याच्या घरात राहणाऱ्या बाईला त्या पत्राने कोणतेही साधन दिले नाही. इथे 'साधन' हाच शब्द योग्य आहे. देह साधन नाही हे मान्य. म्हणून देहाच्या रक्षणाला साधन लागणारच नाही असे होत नाही.

तरीही सगळे गुण कर्व्यांच्या पारड्यात टाकून मोकळे होऊ नका. 'ह्युमाने वीते'मध्ये दोन इशारे आहेत: पुरुष स्त्रीला उपभोगाचे साधन मानू लागेल आणि सरकारे ही साधने लोकांवर लादतील. आठ वर्षांनी आणीबाणीत आपण दुसरा इशारा अक्षरशः पाहिला. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. प्रगत म्हणवणाऱ्या आपल्या राज्याने हे केले, हे तुमच्या पाठ्यपुस्तकांत सापडणे कठीण. आणि पहिला इशारा? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्क्यांनी स्त्री-नसबंदीचा मार्ग सांगितला. पुरुष-नसबंदीचे प्रमाण 0.3 टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी जोखमीची असते, तरी हे आकडे असे आहेत. कर्व्यांना स्त्रीच्या हातात निर्णय द्यायचा होता. आपण तिच्या हातात टाके दिले. म्हणजे साधन असणे पुरेसे नाही, हे पोपांचे म्हणणे खरे. आणि साधन नाकारून काही सुधारते, याला मात्र या आकड्यांत आधार नाही.

जे या चौकटीत बसत नाहीत

समलिंगी प्रेमाबाबत देहविचार मला सर्वांत तोकडा वाटतो. स्त्री आणि पुरुष हे देहानेच परस्परपूरक आहेत, या पायावर सगळी इमारत उभी असल्यामुळे तिथे समलिंगी व्यक्तींना संयमाशिवाय दुसरे काही सांगायला उरत नाही. कॅथलिक शिकवण त्यांच्याशी आदराने, भेदभाव न करता वागा म्हणते आणि त्याच दमात त्यांचा कल सदोष ठरवते. भारतातली एक नोंद मात्र न्याय म्हणून सांगितली पाहिजे. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 पुन्हा उभे केले तेव्हा मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांनी अशा व्यक्तींना गुन्हेगार ठरवण्याच्या बाजूने चर्च नाही, असे सांगितले होते. समलिंगी विवाहाला मात्र विरोध कायम ठेवला. 6 सप्टेंबर 2018 रोजी न्यायालयाने ते कलम संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. व्यक्तीला वापरू नका, हा नियम दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या निष्ठावान सहजीवनाला लावला तर तो का मोडतो, याचे उत्तर मला 129 प्रवचनांत मिळाले नाही. तिथे पूरकतेचे चित्र पुन्हा दाखवले जाते. कारण दिले जात नाही.

आणि एक कटू गोष्ट. देहाच्या प्रतिष्ठेवर इतके बोलणाऱ्या संस्थेतच धर्मगुरूंकडून मुलांचे लैंगिक शोषण झाले आणि ते वर्षानुवर्षे झाकले गेले. अमेरिकेतले कार्डिनल मॅकॅरिक यांच्याविषयीचे आरोप कानावर घातले गेले असतानाही जॉन पॉल यांनी 2000 मध्ये त्यांना वॉशिंग्टनचे आर्चबिशप नेमले, हे 2020 मध्ये व्हॅटिकनच्याच अहवालात आले आहे. यावरून विचार खोटा ठरतो असे मी म्हणणार नाही. न्यूटनच्या स्वभावावरून गतीचे नियम कोणी तपासत नाही. पण गतीच्या नियमांत न्यूटनच्या वागण्याविषयी काही म्हटलेले नाही. देहविचार मात्र प्रत्येकाच्या नजरेविषयीच आहे. बोलणाऱ्याला तो स्वतःवर लावावाच लागतो.

वाचायचे कसे

व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर ही प्रवचने आहेत. सगळी वाचायला बसलात तर दहाव्या प्रवचनाला झोप येईल. पोपांची शैली एकाच मुद्द्याभोवती घिरट्या घालणारी आहे. सुरुवातीची, आदम-एवेच्या कथेवरची 23 प्रवचने हा त्यांचा उत्तम भाग. वेळ कमी असेल तर 8 ऑक्टोबर 1980 चे एकच वाचा आणि त्याशेजारी दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2022 च्या निकालातली दोन्ही मते ठेवा. 'ह्युमाने वीते' हे पत्र लहान आहे, एका बैठकीत होते. ते वाचताना 'समाजस्वास्थ्य'चे जुने अंक मिळाले तर जवळ असू द्या. आणि व्हॅल्यूजच्या पेपरात शरीर हे 'मी'चे साधन कसे ते स्पष्ट करा असे आले, तर आधी अभ्यासक्रमाचे उत्तर लिहा, मग चार ओळींत 'मला लागलं'चा आक्षेप लिहा. माझ्याकडे पेपर आला तर त्या चार ओळींचे गुण मी कापत नाही.